जातं, चक्की आणि भगर मिल : त्र्यंबकच्या डोंगरातल्या दळणाची हकिकत



बियाणं, खत, औषधफवारणी यांवर आपण या पत्रिकेत नेहमी बोलतो. पण दाणा खळ्यातून कणगीत गेला की आपलं बोलणं थांबतं. दाण्याचं पीठ कसं झालं, ते कुणी केलं, त्याची मजुरी कुणाला मिळाली आणि कोंडा कुणाच्या दारात पडला, हे कुणी विचारत नाही. खरं म्हणजे पिकातला निम्मा हिशेब तिथेच आहे. म्हणून या वेळी दळणाचा इतिहास. त्र्यंबकेश्वर, हरसूल, पेठ, सुरगाणा, इगतपुरी या डोंगरपट्ट्यातल्या मंडळींना तो जास्त जवळचा वाटेल, कारण नागली, वरई आणि भात ही तिन्ही धान्यं इथं पिकतात आणि तिघांच्या दळणाची तऱ्हा वेगवेगळी आहे.

सुरुवात पाट्यापासून करू. चटणी वाटायचा आपला पाटा-वरवंटा हा दळणाच्या सर्वांत जुन्या साधनाचा वंशज आहे. पुणे जिल्ह्यात इनामगावला डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. तिथं सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या घरांत असे दगड मिळाले. मध्ये खोलगट झालेला एक दगड आणि त्यावर मागं-पुढं घासायचा दुसरा. गुडघे टेकून, कमरेत वाकून दाणे रगडायचे. अशा दगडावर एका घरापुरतं पीठ काढायला किती वेळ जात असेल, याची कल्पना पाट्यावर पुरणाची डाळ वाटलेल्या कुठल्याही बाईला आहे.

मग गोल फिरणारं जातं आलं. नगर जिल्ह्यातल्या (आताचा अहिल्यानगर) नेवाशाला १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकळिया यांनी उत्खनन केलं, तेव्हा सातवाहन काळाच्या थरांत फिरती जाती सापडली. म्हणजे आपल्या दख्खनच्या पठारावर जातं साधारण दोन हजार वर्षांपासून फिरतं आहे. मागं-पुढं रगडण्याऐवजी एकाच दिशेनं फिरवायचं, हा बदल ऐकायला किरकोळ वाटतो. पण हात मागं आणताना जे बळ फुकट जायचं ते वाचलं, आणि वरच्या दगडाचं वजन स्वतःच काम करू लागलं.

इथं नाशिकच्या पांडवलेण्यांतली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तिसऱ्या शतकातल्या आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला एक शिलालेख तिथं आहे. आजारी भिक्षूंच्या औषधासाठी काही रक्कम कारागिरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्या काळच्या संघांकडे, कायमची ठेव म्हणून ठेवल्याची त्यात नोंद आहे. त्या श्रेणींत कुंभार आहेत, पाण्याची यंत्रं करणारे आहेत, तेलाचे घाणेवाले आहेत. जुन्नरच्या लेण्यांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीचाही उल्लेख येतो. पण पीठ दळणारे या यादीत नाहीत. घाण्याचं तेल हा धंदा होता, त्याला पैसा होता, पत होती. पीठ मात्र घराघरांत दळलं जाई, आणि घरात दळणाऱ्या बाईची श्रेणी कोण मोजणार? पुढची जवळजवळ सतराशे वर्षं हीच स्थिती राहिली.

काळा दगड आणि पहाटेचा पहारा

आपल्या भागाला दगडाची वाण नाही. ब्रह्मगिरी काय, अंजनेरी काय, सगळा काळा कातळ. त्र्यंबकचं मंदिर नानासाहेब पेशव्यांनी १७५५ मध्ये बांधायला घेतलं आणि ते पुरं व्हायला १७८६ साल उजाडलं, तेही याच काळ्या पाषाणात. जात्याला हाच दगड लागतो. तो कठीण असतो, लवकर झिजत नाही, आणि टाकीनं खवले पाडले की ते बरेच दिवस धरून ठेवतो.

जात्याची रचना जुन्या माणसांना सांगायला नको, पण नव्या पोरांनी ते चालू स्थितीत पाहिलेलं नसतं म्हणून लिहितो. खालची तळी जमिनीत पक्की. तिच्या मध्यात खिळा. वरच्या तळीच्या तोंडात बसवलेली लाकडाची माकडी त्या खिळ्यावर टेकते. माकडीखाली चिंधीचा किंवा चामड्याचा तुकडा घातला की वरची तळी केसभर उचलली जाते आणि पीठ भरड पडतं. काढून घेतला की बारीक. वरच्या तळीला लाकडाचा खुंटा. एका हातानं खुंटा ओढायचा, दुसऱ्या हातानं मूठमूठ वैरण घालायची. दोघी समोरासमोर बसल्या तर ओढ हलकी होते. दगड गुळगुळीत झाले की पाथरवट किंवा टकारी गावात येई आणि ‘जात्याला टाकीऽऽ’ अशी हाळी देत दारोदार फिरे.

पाच-सहा माणसांच्या घराला रोज दोन-अडीच किलो पीठ लागणारच. त्यासाठी कोंबडं आरवायच्या आधी उठायचं आणि तास-दीड तास जात्याला बसायचं. बाळंतीण असो, ताप असो, दळण चुकत नसे. याच वेळी बायकांनी ओव्या रचल्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी १९८० च्या दशकापासून गावोगाव हिंडून अशा ओव्या गोळा केल्या. तो संग्रह एक लाखावर गेला. जगात एवढं मोठं काव्य फक्त दळताना झालेलं दुसरीकडे क्वचितच असेल. मात्र त्यावरून कुणी जात्याचे गोडवे गाऊ नयेत असं आमचं मत आहे. ओव्या गोड आहेत, खुंटा गोड नव्हता. त्या ओव्यांतच दळणाऱ्या बायकांनी खांद्याच्या आणि मनाच्या दुखण्याचं गाऱ्हाणं पोटभर घातलं आहे.

तीन धान्यं, तीन वाटा

आता नागली, वरई आणि भात यांच्यातला फरक नीट ध्यानात घ्या. पुढचा सगळा इतिहास त्यावर फिरतो.

नागलीचा दाणा मोहरीएवढा. त्याची साल काढत बसणं कुणाला परवडत नाही, ती सालीसकट दळली जाते. त्यामुळे दाण्यात जे आहे ते सगळं पिठात उतरतं. शंभर ग्रॅम नागलीत साधारण ३४० ते ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. गव्हात ते याच्या सात-आठव्या हिश्शाइतकंच आहे, आणि पॉलिश केलेल्या तांदळात तर नावालाच. जातं असो, डिझेलची चक्की असो की विजेची, नागलीचं सत्त्व तेवढंच राहिलं. यंत्रानं तिचं काही बिघडवलं नाही.

भाताचं तसं नाही. भाताचं टरफल काढावंच लागतं. पूर्वी ते उखळ-मुसळानं कांडून किंवा घिरटावर भरडून काढत. कांडलेल्या तांदळावर तांबूस कोंड्याचा पापुद्रा बराचसा टिकून राही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हलर नावाचं यंत्र निघालं. ते टरफल आणि आतला कोंडा एकदमच खरवडून काढतं, कणीही पुष्कळ पाडतं. तांदूळ पांढराशुभ्र दिसतो म्हणून लोक खूष. पण जावा बेटावर डच डॉक्टर आयकमन यांना १८९० च्या दशकात दिसलं की, पांढरा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांच्या पायातलं बळ जातं आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. माणसांतला बेरीबेरी रोग याच जातीचा. त्या शोधाबद्दल त्यांना १९२९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. आपल्याकडे महात्मा गांधींनी १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला. वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा त्याचं काम पाहत. हातकांडीचा तांदूळ आणि जात्यावरचं पीठ हा संघाच्या प्रचारातला मोठा विषय होता. सत्त्वाच्या बाजूनं ते बरोबर होते. पण पहाटे उठून कांडायचं कुणी, या प्रश्नाला बायकांनी आपल्यापुरतं उत्तर दिलं, आणि जिथं हलर आला तिथं मुसळ कोपऱ्यात उभं राहिलं.

गव्हाची वाट आणखी निराळी. युरोपात हंगेरीतल्या बुडापेस्ट शहरात १८७० च्या सुमारास दगडांऐवजी लोखंडी रुळांच्या गिरण्या नावारूपाला आल्या. दोन खाचा पाडलेले रूळ कमी-जास्त वेगानं फिरतात, दाणा उकलतात, आतला पांढरा भाग कोंड्यापासून खरवडतात. मग चाळण्यांतून रवा, मैदा, आटा, कोंडा असं वेगवेगळं पडतं. दाण्याचा अंकुर निघून गेल्यामुळं मैदा महिनोन्‌महिने टिकतो, जहाजात घालता येतो, आणि व्यापाऱ्याला टिकाऊ मालच हवा असतो. या गिरण्या आपल्याकडे मुंबईसारख्या बंदरांत आल्या. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ च्या मे महिन्यात, मुंबईत धान्याचं रेशनिंग सुरू झालं; पुढं १९५६ च्या करारानं अमेरिकन गहू येऊ लागला आणि १९६६ साली तर देशात सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आलं. शहरी माणसाच्या ताटात गहू वाढला तो असा.

टुक-टुक करणारं इंजिन

खेड्यात मात्र रुळांची गिरणी कधी आली नाही. खेड्यात आली ती चक्की. तिच्यात दगडच होते, फक्त बाईच्या हाताच्या जागी इंजिन आलं. पुण्याला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ मध्ये निघाली, राजकोटकडची इंजिनंही बाजारात आली. एक इंजिन, एक चामडी पट्टा आणि एक चक्की एवढ्या भांडवलावर माणूस गिरणीवाला झाला. पावसाळ्यात तेच इंजिन हलरला जोडायचं, उन्हाळ्यात विहिरीवर न्यायचं. नळकांड्याचा टुक-टुक आवाज दोन डोंगरांपलीकडे ऐकू जाई, आणि आवाज आला की बायका डोक्यावर पाटी घेऊन निघत. आवाज हीच गिरणी चालू असल्याची पाटी.

डोंगरातल्या वाड्यांना हे सुख लवकर लाभलं नाही. गिरणी असायची बाजाराच्या गावाला, हरसूलसारख्या ठिकाणी. वाडीपासून तिथं जायचं म्हणजे दोन ओढे, एक घाट आणि अख्खा दिवस. पावसाळ्यात ओढे भरले की वाट बंद, मग पुन्हा जातं. म्हणून या भागात जातं देशावरच्या मानानं पुष्कळ उशिरापर्यंत फिरत राहिलं. बागायती गावात जातं १९६० च्या आगेमागे थांबलं असेल, तर इथल्या काही पाड्यांवर त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनीही ते चालू होतं.

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना लाल मिलो आठवत असेल. परदेशातून आलेली ती तांबडी ज्वारी, आणि कामावर मिळणारी सुकडी. खडी फोडून आलेल्या बाईनं रात्री जात्यावर मिलो दळायची, ही त्या सालातली गोष्ट. रोजगार हमीची सुरुवात त्याच सुमाराची. लगोलग १९७३ मध्ये जगात तेलाचे भाव भडकले, डिझेल महागलं, दळणाचा दर वाढला. गिरणीवाल्यांची नजर विजेकडे वळली. नाशिकजवळ एकलहऱ्याचं औष्णिक वीज केंद्र १९७० मध्ये सुरू झालं होतं, पुढच्या दहा-पंधरा वर्षांत खांब आणि तारा गावोगाव पोचल्या. इंजिनाचा आवाज गेला, मोटारीची घरघर आली. लाईट गेली की डबे रांगेत ठेवून बायका घरी परतायच्या.

या रांगेनं काय केलं ते सांगायला हवं. पहाटेचा दीड तास सुटला. जात्याला आईसमोर बसणारी पोरगी शाळेत जाऊ लागली. दळण घेऊन जायचं काम पोरांकडे आणि पुरुषांकडेही गेलं. चक्कीचे पैसे मात्र रोख द्यावे लागत, आणि ज्या घरात रोख पैसा पुरुषाच्या खिशात असे, तिथं दळणासाठी हात पसरावा लागे. अनेक ठिकाणी गिरणीवाला पैशाऐवजी धान्य किंवा पीठच कापून घेई. बाईचे श्रम पूर्वी बिनमोल होते. गिरणी आल्यावर पहिल्यांदाच त्याच कामाला दर लागला, तो मात्र गिरणीवाल्याला मिळाला.

वरईची भगर, नाशिकची मिल

आता वरई, आणि आपल्या भागाच्या दृष्टीनं हाच खरा मुद्दा.

श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करायला, महाशिवरात्रीला दर्शनाला, पौषातल्या निवृत्तिनाथांच्या यात्रेला किती माणूस त्र्यंबकला लोटतं हे तुम्ही पाहता. त्यातल्या उपवासाच्या दिवशी लाखो पानांवर भगर पडते. भगर म्हणजे टरफल काढलेली वरई. ती इथल्याच उतारावर पिकते. राब भाजायचा, रोपं करायची, भर पावसात लावणी करायची, आणि दिवाळीच्या सुमारास कापणी.

वरई सालीसकट खाता येत नाही. पूर्वी ती उखळात कांडून घरी भगर करत. काम किचकट. दाणा बारीक, टरफल चिवट, पाखडताना निम्मी भगर कोंड्याबरोबर उडते. त्यामुळे भगर मिल निघाली तेव्हा सगळ्यांनीच सुटकेचा श्वास टाकला. नाशिक शहर या धंद्याचं देशातलं मोठं केंद्र झालं. आज इथल्या मिलमध्ये केवळ आपल्या जिल्ह्याची वरई येत नाही. मध्य प्रदेश, छत्तीसगड, ओडिशा या राज्यांतूनही माल येतो, आणि तयार भगर मुंबई-गुजरातपर्यंत जाते.

शंभर किलो वरईतून साधारण साठ ते सत्तर किलो भगर निघते, बाकी टरफल आणि कोंडा. टरफल जळणाला जातं, कोंडा गुरांना. शेतकरी वरई पोत्यानं विकतो आणि उपवासाला त्याच वरईची भगर किलोनं विकत आणतो. या दोन भावांत जे अंतर आहे ते मिलचं, दलालाचं आणि दुकानदाराचं. मिलवाल्यानं घेऊ नये असं आम्ही म्हणत नाही. त्याची यंत्रं आहेत, वीज आहे, नुकसानीचा धोका आहे. पण पीक आपल्या डोंगरात, यात्रा आपल्या गावात, आणि मधली कमाई सगळी तीस किलोमीटरवर, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

सरकारनं यात हात घातला नाही असं नाही. आदिवासी विकास महामंडळ १९७२ मध्ये स्थापन झालं, त्याचं मुख्य कार्यालय नाशिकलाच. आदिवासींची आर्थिक पिळवणूक थांबावी म्हणून १९७६ मध्ये राज्यात कायदा झाला आणि महामंडळानं आदिवासी भागात धान्याची एकाधिकार खरेदी सुरू केली. सावकाराच्या मापाऐवजी काटा आला, हा फायदा खरा. पण खरेदी झाली ती कच्च्या मालाची. भरडणं, पाखडणं, प्रतवारी करणं ही कामं गावात राहिली नाहीत. आजही केंद्र सरकारच्या आधारभूत किमतीच्या यादीत नागली आहे, २०२५-२६ च्या हंगामासाठी क्विंटलला ४,८८६ रुपये. वरई त्या यादीत नाही.

दरम्यान ताट बदललं. रेशनवर गहू आणि तांदूळ मिळू लागले. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं ते अनुक्रमे दोन आणि तीन रुपयांना झाले, जानेवारी २०२३ पासून फुकट. फुकटचा गहू दळून चपाती होते, मग नागली कशाला लावा, असं पोरं विचारतात. त्याच २०२३ साली संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष साजरं केलं आणि शहरातल्या दुकानांत नागलीची बिस्किटं मांडली गेली. डोंगरात भाकर कमी झाली, शहरात पाकीट वाढलं.

गिरणीही बदलते आहे. राजकोट-अहमदाबादकडची घरघंटी घरात आली. जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाच्या योजनांतून गिरण्या अनुदानावर दिल्या गेल्या. भोपाळच्या केंद्रीय कृषि अभियांत्रिकी संस्थेनं बारीक भरडधान्याची साल काढायचं छोटं यंत्र तयार केलं, तसली यंत्रं कोइमतूरकडेही होतात. २०२० मध्ये सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत अशा यंत्रांना ३५ टक्के अनुदान ठेवलं गेलं. अशी यंत्रं बचत गटांनी घेतली तर भगर गावात होऊ शकते. मात्र यंत्र घेण्याआधी तीन गोष्टी पाहा. गावात वर्षाला निदान किती क्विंटल वरई खात्रीनं येईल, तीन फेजची वीज दिवसा किती तास असते, आणि खडा काढायची चाळणी यंत्राबरोबर मिळते का. भगरीत खडा निघाला की गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. वरई मातीच्या खळ्यावर मळू नका, ताडपत्री अंथरा. खळ्यावरचा खडा मिलमध्ये काढण्यापेक्षा खळ्यावरच टाळणं स्वस्त पडतं.

दळणाबाबत चार जुन्या सूचनाही इथंच देतो, कारण त्या जात्याच्या काळापासून चालत आल्या आहेत. चक्कीला नवी टाकी लावली असेल तर गिरणीवाल्याला आधी किलोभर कोंडा किंवा भरड धान्य घालायला सांगा, नाहीतर पहिल्या पिठात कचकच येते. बाजरीच्या दाण्यात तेल जास्त, तिचं पीठ आठ दिवसांत कडवट होतं. ते थोडंथोडंच दळावं. नागलीत तेल कमी, तिचं पीठ जास्त टिकतं. तरी आषाढ-श्रावणात हवा ओली असते, तेव्हा नागली उन्हात किंवा चुलीजवळ सुकवून मगच गिरणीवर न्यावी आणि गरम पीठ लगेच डब्यात कोंबू नये, ते पसरून निवू द्यावं. उपवासाचं दळण असेल तर आधीचं दळण कशाचं होतं ते विचारून घ्यावं; दगडातलं मागचं पीठ पुढच्या दळणात उतरतंच.

आणि घरातलं जुनं जातं विकू किंवा फोडू नका. लग्नाच्या हळदीला ते लागतंच, वर्षातून दोनदा उडदाची डाळ भरडायलाही ते चक्कीपेक्षा चांगलं. फक्त खिळा गंजू देऊ नका आणि माकडी सागाची असेल तर तिला थोडं तेल पाजून ठेवा.